पंपिंग पंचवीस टक्के म्हणजे नेमकं काय?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना अर्धवट राहिलेली वाक्यं तेवढी नीट केली आहेत, बाकी जसं बोलले तसंच.)

हेडफोन लावलेत ना? एसटीत असाल तर आवाज थोडा वाढवा, आज पेशींबद्दल बोलायचंय आणि मधलं एखादं वाक्य निसटलं तर पुढचं लागणार नाही.

आमच्या वळसंगला, म्हणजे सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या माझ्या गावात, 'हार्ट फेल झालं' याचा अर्थ एकच. माणूस गेला. रात्री जेवला, झोपला, सकाळी उठलाच नाही, 'हार्ट फेल होऊन गेला'. त्यामुळे सोलापुरातल्या दवाखान्यात कागदावर 'हार्ट फेल्युअर' लिहून मिळतं आणि पेशंट समोर खुर्चीत बसून चहा पीत असतो, तेव्हा घरच्यांना काय समजायचं तेच कळत नाही. फेल झालंय तर हा बोलतोय कसा? आणि बोलतोय तर फेल कसलं?

म्हणून आधी शब्द सोडवून घेऊ. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी अचानक बंद पडणं. हृदयाचे ठोकेच थांबणं ही तिसरी गोष्ट. आणि हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय चालू आहे, पण शरीराला जेवढं रक्त पाहिजे तेवढं पुढे ढकलणं त्याला झेपत नाही, किंवा झेपवण्यासाठी त्याला आतला दाब वाढवावा लागतो. मग पाणी मागे तुंबतं. फुप्फुसात तुंबलं की दम लागतो, पायात उतरलं की सूज येते. रात्री आडवं झालं की गुदमरल्यासारखं होतं, माणूस उठून बसतो. उशांची संख्या वाढत जाते. घरात कुणी एका उशीवरून तीन उशांवर गेलं असेल तर ते वय झालं म्हणून सोडून देऊ नका, एवढं आत्ताच सांगून ठेवते.

आता तो आकडा. टूडी इको केला की रिपोर्टवर ईएफ असं लिहिलेलं असतं, त्यालाच आपण पंपिंग म्हणतो. 'पंपिंग पंचवीस टक्के आहे' असं ऐकलं की घरात रडारड सुरू होते, कारण सगळ्यांच्या डोक्यात शंभरपैकी पंचवीस येतात. शाळेत पस्तीसला पास, म्हणजे हे नापास. पण हा हिशोब तसा नाही. हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने भरतो, आणि एका ठोक्यात त्यातलं किती बाहेर जातं, तेवढंच हा आकडा सांगतो. धडधाकट माणसाचं हृदयसुद्धा कप्पा कधीच पूर्ण रिकामा करत नाही. साधारण ५५ ते ६५ टक्के बाहेर जातं, बाकीचं आत राहतं. म्हणजे पंचवीसची तुलना साठशी करायची, शंभरशी नाही. पंचवीस हा गंभीर आकडाच आहे, त्यात शंका नाही. पण 'पंच्याहत्तर टक्के हृदय मेलं' हा त्याचा अर्थ नाही. (आणि हेही लक्षात ठेवा, की हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या पेशंटांचं पंपिंग रिपोर्टवर चांगलं असतं. त्यांचं हृदय आवळतं नीट, पण सैल नीट पडत नाही, म्हणून भरत नाही. तो स्वतंत्र भागाचा विषय आहे.)

मग त्या पंचवीस टक्केवाल्या हृदयात मेलेलं किती आणि जिवंत किती? आजचा सगळा भाग या प्रश्नासाठी आहे.

हृदयात स्नायूंच्या साधारण दोन-तीनशे कोटी पेशी असतात. एक पेशी लांबीला केसाच्या जाडीएवढी. मोठा अटॅक आला तर यातल्या शंभर कोटींपर्यंत पेशी मरू शकतात, तिथे व्रण राहतो आणि तेवढी भिंत कायमची निकामी होते. पण बीपीमुळे, झडपेच्या दोषामुळे, दारूमुळे, एखाद्या संसर्गानंतर किंवा आनुवंशिक कारणाने हृदय थकतं, तेव्हा चित्र वेगळं असतं. काही पेशी मरतात, पण बहुसंख्य जिवंत असतात. जिवंत असतात आणि बदललेल्या असतात. अटॅकनंतरसुद्धा, व्रणापासून लांबच्या पेशी जिवंत असून हळूहळू बदलत जातात, कारण मेलेल्यांचा भार त्यांच्यावर पडलेला असतो.

या बदलतात म्हणजे काय होतं? त्यासाठी आधी चांगली पेशी कशी आवळते ते बघू.

पेशीच्या आत दोन प्रकारचे धागे असतात, जाड आणि बारीक. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अर्धी घातली की जसं दिसतं, तशी त्यांची मांडणी. जाड धागा मायोसिनचा, त्याला बारीक बारीक मुंडकी असतात. ही मुंडकी बारीक धागा पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे पकडतात. विहिरीतून पोहरा वर काढताना आपण दोर हातावर हात टाकत ओढतो, तसंच. धागे एकमेकांत सरकले की पेशी आखडते, आणि सगळ्या पेशी एकदम आखडल्या की ठोका पडतो. एका पेशीच्या लांबीत असे पन्नासेक जोड एकापुढे एक असतात.

ओढायला सुरुवात कधी करायची, हे कॅल्शियम सांगतं. पेशीत कॅल्शियमचं एक कोठार असतं. विजेचा इशारा आला की कोठाराची दारं उघडतात, कॅल्शियम बाहेर सांडतं, मुंडकी कामाला लागतात. ठोका संपला की ते सगळं कॅल्शियम पुन्हा कोठारात भरावं लागतं, त्यासाठी वेगळे पंप असतात. हे भरून झालं नाही तर पेशी सैल पडत नाही. सैल पडली नाही तर हृदय भरत नाही. आणि गंमत बघा, मुंडक्यांना धागा ओढायला जशी ऊर्जा लागते, तशीच पकड सोडायलाही लागते. म्हणजे आराम करायलासुद्धा इंधन पाहिजे.

इंधनाचा हिशोब ऐकाच. पेशी जी ऊर्जा वापरते ती एटीपी नावाच्या रेणूच्या रूपात असते. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा धडकतं आणि त्यासाठी सुमारे सहा किलो एटीपी फिरवतं, तयार करतं आणि खर्च करतं. हृदयाच्या स्वतःच्या वजनाच्या वीस ते तीस पट! साठा मात्र काही सेकंदांपुरताच, म्हणून पेशीचा जवळपास एक तृतीयांश भाग मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे ऊर्जेच्या भट्ट्यांनी भरलेला असतो.

आता यावर वर्षानुवर्षं जास्तीचा भार टाका. समजा बीपी १७०. प्रत्येक ठोक्याला हृदयाला जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलायचंय. पेशी काय करते? तालमीत जाणाऱ्या पोराच्या दंडाचं जे होतं तेच. आत नवीन धागे एकमेकांना लागून रचते आणि जाड होते. भिंत जाड होते. सुरुवातीला हे उपयोगाचं असतं, पंपिंग टिकून राहतं, आणि त्यामुळे माणसाला काही कळत नाही. 'मला बीपीचा काही त्रास नाही' असं म्हणणारी माणसं नेमकी याच टप्प्यावर असतात.

पण तालमीतलं पोरगं घरी येऊन झोपतं. हृदयाला सुट्टी नाही. जाड पेशीला रक्त पुरवणाऱ्या केशिका त्या प्रमाणात वाढत नाहीत, भट्ट्या बिघडायला लागतात, आजाराच्या पुढच्या टप्प्यावर एटीपीचं प्रमाण तीसेक टक्क्यांनी उतरतं. पुढे पेशी लांबट होते, नवे जोड शेजारी न बसता टोकाला जोडले जातात, कप्पा फुग्यासारखा ताणला जातो. इशारा आत पोचवणारी पेशीतली बारीक भुयारं विस्कटतात, म्हणून सगळे धागे एका वेळी ओढत नाहीत. कॅल्शियम परत भरणारे पंप कमी होतात, कोठाराची दारं गळायला लागतात. थोडक्यात, इशाऱ्याला माल कमी बाहेर येतो आणि नको तेव्हा मात्र थोडा थोडा सांडत राहतो. याच गळतीतून ठोक्यांची लय बिघडायचा धोकाही वाढतो. पेशींच्या मधल्या जागेत चिवट तंतू साचतात आणि भिंत राठ होते.

आणि एक विचित्र गोष्ट. अशी पेशी आईच्या पोटात असताना जी जनुकं वापरत होती, त्यातली काही पुन्हा चालू करते. प्रौढ हृदय मुख्यतः चरबी जाळून ऊर्जा मिळवतं, गर्भातलं हृदय साखरेवर जास्त अवलंबून असतं. संकटात सापडलेली पेशी त्या जुन्या पद्धतीकडे झुकते. डॉक्टर एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी सांगतात ना, ती याच गोष्टीशी जोडलेली आहे. ताणलेल्या पेशी हा पदार्थ रक्तात सोडतात. एका अर्थाने पेशींनी पाठवलेली ती तक्रार आहे, पाणी आणि मीठ बाहेर टाका म्हणून किडनीला केलेली विनंती.

दुर्दैव असं, की शरीराचा दुसरा विभाग नेमकी उलट ऑर्डर काढतो. रक्त कमी पोचतंय म्हटल्यावर मेंदू आणि किडनीला वाटतं, कुठेतरी जखम झाली, रक्त वाहून गेलं. मग ते ॲड्रेनालिनच्या घरातली रसायनं सोडतात, 'जोरात पळ!' किडनी मीठ-पाणी धरून ठेवते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हजारो वर्षांपूर्वी रानात जखमी झालेल्या माणसाला यातून जीव वाचवता आला असेल. थकलेल्या हृदयाला मात्र हे म्हणजे चिखलात रुतलेल्या बैलाला आसूड. पेशी स्वतःला वाचवायचा प्रयत्न करतात, आसुडाचा आवाज ऐकणारे कानच कमी करतात. १९८२ साली अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेली निकामी हृदयं तपासली, तेव्हा ॲड्रेनालिनला प्रतिसाद देणारे हे ग्राहक जवळपास निम्म्यावर आलेले दिसले.

इथून पुढे मला सगळ्यात आवडणारी कथा आहे, म्हणून जरा थांबते तिच्यावर. हृदय कमजोर आहे, तर त्याला जोर देणारं औषध द्या, असं कुणालाही वाटेल. तसंच वाटलं होतं. मिल्रिनोन नावाचं जोर देणारं औषध गोळीच्या रूपात हजारावर पेशंटांच्या चाचणीत दिलं गेलं. १९९१ मध्ये निकाल आला, औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त. आसूडच होता तो. त्याच्या खूप आधी, १९७५ मध्ये, स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये फिन वागस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा विचार केला होता. हृदय वेगाने धावतंय म्हणून थकतंय, तर वेग कमी करून बघू. त्यांनी सात पेशंटांना बीटा ब्लॉकर दिलं. हे औषध ॲड्रेनालिनचा आवाज दाबतं, आणि कमजोर हृदयाला ते देऊ नये असंच तेव्हा शिकवलं जायचं. पेशंट सुधारले. लोकांना पटायला मात्र वीस-पंचवीस वर्षं गेली. १९९९ मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉलच्या दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटले. दोन्ही चाचण्या वेळेआधी थांबवल्या, कारण फायदा उघड दिसत असताना निम्म्या लोकांना औषधाविना ठेवणं बरोबर नव्हतं.

या गोळीने सुरुवातीला थकवा जास्त वाटू शकतो. पेशी सावरायला आठवडे-महिने लागतात, म्हणून अगदी कमी डोस देऊन हळूहळू वाढवतात. तेव्हा कुणीतरी म्हणतं, 'ही गोळी घेतल्यापासून अंगात जीवच नाही', आणि ती बंद होते. स्वतःच्या मनाने. ती अडचण डॉक्टरला सांगायची असते, डोस बदलता येतो.

आता आमच्या अण्णांकडे येते. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. वळसंगला तूर-ज्वारीची शेती. बीपी निघालं तेव्हा सहा महिने गोळ्या खाल्ल्या, बरं वाटलं, सोडल्या. पुढे दहा वर्षांनी बांधापर्यंत चालताना थांबायला लागले. पाय सुजले. सोलापुरात इको केला, पंपिंग पंचवीस. चार प्रकारच्या गोळ्या सुरू झाल्या. काकूंनी ताटातलं वरचं मीठ काढलं, लोणचं-पापड बंद केलं, आणि शेंगा चटणी घरात आहे हे अण्णांपासून लपवून ठेवलं, जे सोलापूर जिल्ह्यात किती अवघड आहे ते ऐकणाऱ्यांना माहीत आहे. दीड वर्षाने पुन्हा इको. पंपिंग पन्नास. अण्णांनी फोन केला, आवाजात नुसता आनंद. "काय गं, पन्नास झालं की! आता ह्या गोळ्या बंद करू का? महिन्याला दीड-दोन हजार जायलेत. बरं झालेल्या माणसानं औषध कशाला खायचं?"

माझा अभ्यास पेशींचा, मी डॉक्टर नाही. पण हा प्रश्न बरोबर पेशींचाच होता. "अण्णा, तुम्ही बरे झालात की पेशींना आराम मिळाला, यात फरक आहे," म्हटलं. "लई पुस्तकी बोलतीस," असं उत्तर आलं. मग मी त्यांना जे सांगितलं ते इथेही सांगते.

हृदयाला मदत करणारा यांत्रिक पंप काही पेशंटांना बसवतात. तो बसवला की हृदयावरचा भार उतरतो. पंप बसवायच्या आधी आणि नंतर हृदयाचे तुकडे घेऊन शास्त्रज्ञांनी पेशी पाहिल्या. फुगलेल्या पेशी पुन्हा लहान झालेल्या होत्या. कॅल्शियमची देवघेव सुधारली होती. म्हणजे बदल माघारी फिरतो, ही खरी आनंदाची बातमी. पण जनुकांच्या कामकाजातले अनेक बिघाड तसेच राहिले होते, आणि साचलेले तंतू तर सहजी जात नाहीतच. बाहेरून आकार आला, आतलं सगळं पूर्ववत झालं नाही.

आणि गोळ्या थांबवल्या तर? लंडनमध्ये हे सरळ करूनच पाहिलं. हृदय फुगण्याच्या आजारातून सावरलेले ५१ जण घेतले. पंपिंग पन्नासच्या वर, दम नाही, सूज नाही, रक्ततपासणी चांगली. अगदी अण्णांना हवे तसे 'बरे झालेले'. निम्म्यांची औषधं डॉक्टरांच्या कडक देखरेखीखाली हळूहळू बंद केली. सहा महिन्यांत २५ पैकी ११ जणांचा आजार परत आला. ज्यांनी गोळ्या चालू ठेवल्या त्यांच्यात एकाचाही नाही. २०१९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. अण्णांचा आजार बीपीतून आलेला, अगदी तोच नाही, हे खरं. पण आसूड थांबलाय म्हणून बैल उभा राहिलाय, एवढं दोन्हीकडे सारखं आहे.

कुणी म्हणेल, जुन्या पेशी जाऊन नव्या येतील की. कातडी येते तशी. इथेही एक भन्नाट संशोधन आहे. १९५५ ते १९६३ दरम्यान अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत विशिष्ट प्रकारचा कार्बन वाढला आणि नंतर घटत गेला. पेशी जन्मताना तिच्या डीएनएमध्ये त्या वर्षीच्या कार्बनची खूण राहते. स्टॉकहोमच्या योनास फ्रीसेन यांच्या गटाने हे वापरून हृदयाच्या पेशींचं वय काढलं. निष्कर्ष २००९ चा: पंचविशीत वर्षाला साधारण एक टक्का पेशी नव्या येतात, पंच्याहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी. आख्ख्या आयुष्यात निम्म्याही बदलून होत नाहीत. अण्णांच्या छातीत आज ज्या पेशी ओढतायत, त्यातल्या बहुतेक त्यांनी पहिल्यांदा नांगर धरला तेव्हाच्याच आहेत.

हृदयच बदलायचं म्हणाल तर त्याचा इतिहास आपल्याच राज्यात जुना आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मानवी हृदयाचं प्रत्यारोपण केलं, जगातल्या पहिल्या काही प्रयत्नांपैकी एक. पेशंट काही तासच जगला. यशस्वी प्रत्यारोपण भारतात व्हायला १९९४ उजाडलं, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून. आज ही शस्त्रक्रिया महाराष्ट्रात होते, पण दात्याचं हृदय मिळणं आणि खर्च हे दोन्ही बघता बहुतेकांच्या वाट्याला गोळ्याच येतात. आणि त्या चांगल्या आहेत, हेच मी मघापासून सांगतेय.

एक गोष्ट तरुण ऐकणाऱ्यांसाठी. वळसंगहून हैदराबाद जवळजवळ पुण्याइतकंच. तिथल्या सीसीएमबी या संस्थेतल्या कुमारसामी थंगराज यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं, की मायोसिनच्या जाड धाग्याला बांधून ठेवणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरं गळालेली असण्याचा प्रकार भारतीय उपखंडात सुमारे चार टक्के लोकांत आहे. पुढच्या अभ्यासांनी हे चित्र जरा गुंतागुंतीचं केलं, नुसता हा बदल असला म्हणजे हृदय निकामी होणारच असं नाही. पण घरात दोघा-तिघांना कमी वयात हृदयाच्या स्नायूचा आजार किंवा अचानक मृत्यू झालेला असेल, तर 'आमच्यात असतंच' म्हणून गप्प बसू नका. भावंडांचा एकदा इको करून घ्या. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ मध्ये हार्ट फेल्युअरच्या बाराशेहून जास्त पेशंटांची नोंद ठेवली, सरासरी वय एकसष्ट. युरोप-अमेरिकेत हे वय सत्तरीच्या पुढे असतं. आणि पंपिंग कमी असलेल्यांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याला घरी जाताना पूर्ण नियमाप्रमाणे औषधं मिळत होती. केरळात ही गत!

तुमच्या मेसेजमधला एक प्रश्न राहिला. 'बाबांना शुगर नाही, तरी हार्टच्या डॉक्टरांनी शुगरची गोळी लिहिलीय, चुकून लिहिली का?' बहुतेक नाही. डापाग्लिफ्लोझिन किंवा त्याच घरातली गोळी असेल. २०१९ च्या चाचणीत शुगर नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटांनाही तिचा फायदा दिसला. मेडिकलवाल्याला विचारून बंद करू नका, लिहिणाऱ्याला विचारा. शक्य असेल तिथे जेनेरिक मिळते का तेही त्यांनाच विचारा. अण्णांचा खर्च तसाच बराच खाली आला.

अण्णांच्या गोळ्या चालू आहेत. कुरकुर पण चालू आहे. काकूंनी आता भिंतीवर कॅलेंडर लावलंय आणि त्यावर रोज त्यांचं वजन लिहितात. सकाळी उठून, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं, आणि दम लागायच्या आधी ते काट्यावर दिसतं. त्या दिवशी डॉक्टरला फोन करायचा. घरात काटा नसेल तर शेजारच्या किराणा दुकानातला पोत्यांचा काटासुद्धा चालतो, रोज तोच वापरला म्हणजे झालं.

प्रश्न असतील तर नेहमीच्या नंबरवर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत. पुढच्या वेळी किडनीबद्दल बोलू.